पाळी, पीसीओएस आणि पाळणा
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर आपण देवी अहिल्याबाईंवरची व्याख्यानं ऐकली, संतवाङ्मय ऐकलं, नाट्यसंगीताच्या बैठकी ऐकल्या. यंदा एक संध्याकाळ आरोग्यासाठी ठेवायची असं कार्यकारिणीनं ठरवलं आणि विषय सुचवायला सांगितलं. आम्ही पतिपत्नींनी हा विषय सुचवला तेव्हा एक-दोघांनी विचारलं, "गणपतीत हे बोलायचं का?" ज्येष्ठांपैकी एका काकूंनीच उत्तर दिलं, "घरोघरी आहे, मग बोलू दे की." काकूंचे आभार मानून सुरुवात करतो.

आम्ही डॉक्टर नाही. स्थापत्य शाखेची पदविका घेऊन राज्य शासनात उपयंत्री म्हणून नोकरी करणारा एक माणूस आणि त्याची पत्नी, एवढीच आमची ओळख. पण या आजारानं आमच्या संसाराची नऊ वर्षं घेतली, आणि त्या काळात जे वाचलं, विचारलं, तपासून घेतलं ते आपल्यापुढे ठेवतो आहोत. बोलणारा एकच असला तरी आज इथे 'आम्ही' म्हणतो आहे, कारण या भाषणातलं एकही वाक्य हिच्या संमतीशिवाय लिहिलेलं नाही. ही समोरच बसली आहे.

प्रथम आजाराची ओळख. पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पीसीओएस. आपल्याकडे पीसीओडी हे नावही सर्रास चालतं. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल या दोन डॉक्टरांनी पाळी न येणं, अंगावर जास्त केस आणि मोठी झालेली अंडाशयं यांचा एकमेकांशी संबंध असल्याचं मांडलं. आज जगभर मूल होण्याच्या वयातल्या साधारण दहा बायकांमागे एकीला हा त्रास असतो असं मानतात. त्यातल्या कित्येकींना तो आहे हेच माहीत नसतं. आज या सभागृहात दोनशे भगिनी असतील, तर हिशेब आपणच करावा.

नावातच एक घोटाळा आहे. 'सिस्ट' म्हटलं की गाठ वाटते, आणि गाठ म्हटलं की माणूस घाबरतो. सोनोग्राफीत जे बारीक काळे ठिपके माळेतल्या मण्यांसारखे दिसतात त्या गाठी नव्हेत. ती अर्धवट वाढून थांबलेली फॉलिकल्स आहेत, म्हणजे स्त्रीबीज ज्यात वाढतं त्या छोट्या पिशव्या. दर महिन्याला अशा अनेक पिशव्या वाढू लागतात, त्यातली एक पुढे जाते, अठरा-वीस मिलिमीटरची होते, फुटते आणि बीज बाहेर पडतं. त्यानंतर साधारण चौदा दिवसांनी पाळी येते. पीसीओएसमध्ये बहुतेक वेळा एकही पिशवी पुढे जात नाही. सगळ्या लहानच राहतात. बीज बाहेर पडत नाही, म्हणून पाळी लांबते आणि म्हणून दिवस राहत नाहीत.

असं का होतं? यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. मेंदूकडून अंडाशयाला जे हार्मोनचे निरोप जातात त्यांचं प्रमाण बिघडतं. दुसरीकडे, शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते जास्त इन्सुलिन तयार करतं. हे वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त तयार करायला लावतं. त्यातून हनुवटीवर केस, चेहऱ्यावर मुरमं, डोक्यावरचे केस विरळ होणं, आणि फॉलिकलची वाढ खुंटणं. ज्या घरांत मधुमेह आहे तिथे हा त्रास जास्त दिसतो. आपल्या समाजात मधुमेह नाही असं घर शोधूनही सापडणार नाही.

निदानाचा नियमही सोपा आहे. २००३ साली रॉटरडॅम इथे तज्ज्ञांनी ठरवलेला हा नियम थोड्या सुधारणांसह आजही वापरतात. तीन गोष्टी पाहायच्या: पाळीची अनियमितता, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा अहवाल, आणि सोनोग्राफीत तशी अंडाशयं. तीनपैकी दोन असल्या आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे दुसरं कारण नसलं, तर पीसीओएस. म्हणजे नुसत्या सोनोग्राफीच्या कागदावर नाव लिहिलं म्हणून आजार ठरत नाही. आणि 'ती तर बारीक आहे, तिला कसला पीसीओडी' हेही खरं नाही. सडपातळ मुलींनाही तो असतो.

मुलींच्या आयांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती पुढेमागे होणं स्वाभाविक असतं. त्या वयात सोनोग्राफीत पुष्कळ फॉलिकल्स दिसणंही स्वाभाविक, म्हणून पाळी सुरू झाल्यापासून पहिली आठ वर्षं सोनोग्राफीवरून निदान करू नये असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. पण तीन-तीन महिने पाळी येतच नसेल तर 'लग्न झाल्यावर सगळं ठीक होतं' म्हणून गप्प बसू नये. हे वाक्य हिनं वयाच्या सतराव्या वर्षापासून ऐकलं. लग्नानं पाळी नियमित होत नाही.

आता आमची गोष्ट, जेवढी उपयोगाची आहे तेवढीच.

आमचं लग्न २०१० साली झालं. हिची पाळी पन्नास-साठ दिवसांनी यायची. पहिली दोन वर्षं कुणी काही म्हणालं नाही. तिसऱ्या वर्षापासून प्रत्येक लग्नात, मुंजीत, सवाष्णीच्या जेवणात एकच प्रश्न, "काय मग, गोड बातमी केव्हा?" विचारणारे सगळे आपलेच, मायेचेच. पण एका संध्याकाळी पाच जणींनी पाच वेळा विचारलं की माया टोचायला लागते.

डॉक्टरकडे गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी दोघांच्या तपासण्या लिहून दिल्या. हे फार महत्त्वाचं आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचंही काही कारण असतं. वीर्यतपासणी सोपी आहे, स्वस्त आहे, तिला भूल लागत नाही, टाके पडत नाहीत. तरी आपल्याकडे बायको दोन-दोन वर्षं गोळ्या खाते आणि नवऱ्याचा एक कागद होत नाही. बांधकामात आम्ही जमिनीची परीक्षा केल्याशिवाय पाया खणत नाही. इथेही दोन्ही अहवाल टेबलावर आल्याशिवाय उपचार सुरू करू देऊ नका. बंधूंनो, हे आपल्याला उद्देशून आहे.

तपासण्या झाल्या, निदान पीसीओएसचं झालं. डॉक्टर म्हणाले, आधी वजन. त्या वेळी हिचं वजन बहात्तर किलो होतं. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांनी ते पाच ते दहा टक्के कमी केलं तरी पुष्कळदा पाळी सुधारते आणि बीज सुटू लागतं. बहात्तर किलोच्या बाईसाठी हे साडेतीन ते सात किलो झाले. वीस किलो कमी करा असं कुणी सांगत नाही. पण आपण इंदूरचे! सकाळी पोहे-जिलबी, वर शेव, दुपारी नमकीन, रात्री पाहुणे आले की सराफा. उपास म्हटला की साबुदाण्याची खिचडी. आम्ही काही सोडलं नाही, मोजलं. पोहे राहिले, त्यांत मटार आणि दाणे वाढले, जिलबी रविवारची झाली. खिचडीच्या जागी भगर आणि ताक आलं. रात्रीचं जेवण आठच्या आत. आणि रोज पाऊण तास चालणं, दोघांनी. 'तू जाऊन ये' असं म्हटलं की चालणं आठ दिवसांत बंद पडतं. सात-आठ महिन्यांत हिचं वजन सदुसष्टवर आलं आणि पाळी चाळीस दिवसांच्या आत आली. खास पीसीओडीचा म्हणून विकला जाणारा कुठलाही आहार घ्यायची गरज नाही. घरचंच जेवण नीट वाढलं की पुरतं.

याच काळात फॉलिक ॲसिडची गोळी सुरू झाली. मूल हवं आहे असं ठरवलं की दिवस राहण्याआधीपासून रोज चारशे मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यायचं असतं, कारण बाळाच्या मेंदूचा आणि पाठीच्या कण्याचा पाया पहिल्या काही आठवड्यांतच पडतो. तेव्हा बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं.

दिवस मोजण्याबद्दलही सांगायला हवं. चौदाव्या दिवशी बीज सुटतं हे गणित अठ्ठावीस दिवसांच्या पाळीचं. ज्या बाईची पाळी पंचेचाळीस दिवसांनी येते तिचं बीज, सुटलंच तर, एकतिसाव्या दिवसाच्या आसपास सुटेल. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पट्ट्यांवर पीसीओएसमध्ये पुष्कळदा खोटी खूण येते. म्हणून कॅलेंडरवर गोल करून त्या एका रात्रीची वाट पाहण्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी जवळ असणं बरं, असं डॉक्टर सांगतात. हे इथे बोलताना संकोच वाटतो, पण न बोलल्यामुळे लोकांची वर्षं वाया जातात.

यावरून नोकरीची गोष्ट निघते. त्या काळात आमची बदली खरगोनला होती आणि ही इंदूरला. डॉक्टर गोळ्या देत आणि मग फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे दिवसाआड सोनोग्राफी. मंगळवारी दुपारी फोन यायचा, उद्या-परवा महत्त्वाचे दिवस आहेत. तिकडे साइटवर काँक्रीट चालू. रजेच्या अर्जावर कारण काय लिहायचं? 'घरगुती काम'. महिन्यात दोनदा 'घरगुती काम' लिहिल्यावर कचेरीत थट्टा होते. संध्याकाळची बस पकडून रात्री घरी पोचायचं, पहाटे परत. दमलेल्या, चिडलेल्या दोन माणसांना त्या रात्री प्रेम आठवेलच असं नाही. आम्ही पुष्कळ रात्री भांडलो. या आजाराचा हा भाग कुठल्याच अहवालात येत नाही, म्हणून सांगितला.

आता औषधांविषयी. बीज सुटावं म्हणून अनेक वर्षं क्लोमिफीन नावाची गोळी देत. आम्हालाही तीच दिली. तिसऱ्या खेपेला, २०१५ साली, दिवस राहिले. आठव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके नव्हते. घरात पेढ्यांचं सामान आणलेलं होतं. त्याबद्दल याहून जास्त बोलणार नाही. फक्त एवढंच की त्यानंतर हिला भेटायला आलेल्यांपैकी ज्या बायका काही न बोलता शेजारी बसून राहिल्या, त्यांची आठवण आजही निघते.

लेट्रोझोल नावाची दुसरी एक गोळी आहे. मूळची स्तनाच्या कर्करोगावरची. २०११ साली आपल्या देशात ती वंध्यत्वासाठी वापरायला बंदी आली. २०१४ साली अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. क्लोमिफीन घेतलेल्यांपैकी १९ टक्के स्त्रियांना मूल झालं, लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी सत्तावीस-अठ्ठावीस टक्के. पुढे आपल्याकडची बंदीही उठली. आज पीसीओएसमध्ये बीज सुटण्यासाठी लेट्रोझोल हेच पहिलं औषध मानतात. पण हे आकडे उलट बाजूनंही वाचायला हवेत. जास्त चांगल्या गोळीनंही पाच खेपांपर्यंत प्रयत्न करून शंभरातल्या सत्तरांहून अधिक जणींची ओंजळ रिकामी राहिली. म्हणून पहिल्या-दुसऱ्या महिन्यात यश आलं नाही तर कुणाचं काही चुकलं असं समजू नये. आणि या गोळ्या मैत्रिणीच्या चिठ्ठीवरून घ्यायच्या नसतात.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी अनेकींना देतात. ती इन्सुलिनचा प्रश्न थोडा सोपा करते, काहींची पाळी सुधारते. एकटीनं मूल देणारी गोळी म्हणून तिच्याकडे पाहू नये. गोळ्यांनी जमलं नाही तर पुढे इंजेक्शनं असतात. त्यांत जुळी-तिळी राहण्याचा धोका असतो म्हणून सोनोग्राफीची देखरेख लागतेच. दुर्बिणीतून अंडाशयावर करायची एक छोटी शस्त्रक्रियाही काही जणींच्या कामी येते.

शेवटी आयव्हीएफ. १९८६ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. त्याच्या आठ वर्षं आधी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे करून दाखवलं होतं, पण त्यांच्या हयातीत त्यांना मान मिळाला नाही. आयव्हीएफ ही मोठी सोय आहे. पण पीसीओएसमध्ये नुसतं बीज सुटत नाही एवढाच अडथळा असेल, तर ती पहिली पायरी नव्हे. एका ठिकाणी आम्हाला पहिल्याच भेटीत, जुने कागद न उघडता, आयव्हीएफचं पॅकेज आणि हप्त्यांचा तक्ता हातात दिला गेला. आम्ही उठून आलो. कुठलंही अंदाजपत्रक आम्ही कलमवार वाचल्याशिवाय सही करत नाही, तीच सवय इथे कामी आली. आयव्हीएफ करायचंच असेल तर २०२१ च्या कायद्याखाली त्या केंद्राची नोंदणी आहे का ते विचारा. पीसीओएस असलेल्या स्त्रियांत इंजेक्शनांनी अंडाशयं जास्त फुगून पोटात पाणी साठण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तो टाळायला तुम्ही काय करता, हेही विचारा. प्रश्न विचारल्यावर रागावणारा डॉक्टर बदलता येतो.

देवाधर्माचंही सांगतो. आईनं खजराण्याच्या गणपतीला उलटं स्वस्तिक काढलं होतं. त्याच आठवड्यात आम्ही रक्त तपासून घेतलं. दोन्हींचं कधी भांडण झालं नाही. आईनं आम्हाला एकदाही "डॉक्टर सोडा" असं म्हटलं नाही, हे तिचं आमच्यावर ऋण आहे. नवस बोलावा, पण गोळीची वेळ चुकवू नये. आणि नवस फळला नाही तर त्याचा दोष सुनेवर येऊ नये.

२०१८ साली लेट्रोझोलच्या चौथ्या खेपेला पुन्हा दिवस राहिले. पीसीओएसमध्ये गरोदरपणी साखर आणि रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त असतो. हिची साखर पाचव्या महिन्यात वाढली, आहारावर राहिली. २०१९ साली मुलगी झाली. आईनं खजराण्याला जाऊन स्वस्तिक सरळ केलं.

इथे गोष्ट संपवली तर टाळ्या मिळतील, पण ते खरं होणार नाही. मूल झालं म्हणजे पीसीओएस गेला असं नसतं. हिला दर वर्षी साखर तपासावी लागते, कारण पुढे मधुमेहाचा धोका राहतो. पाळी तीन महिन्यांहून जास्त लांबली तर डॉक्टरांना दाखवावं लागतं, कारण गर्भाशयाचं अस्तर तसंच साचत राहणं पुढे घातक ठरू शकतं. मूल नको असलेल्या आणि मुलं मोठी झालेल्या बायकांनाही हे लागू आहे.

आणि दुसरं असं, की आमच्याबरोबर त्या बाकावर बसलेल्या सगळ्यांच्या घरी पाळणा हलला नाही. त्यांनी आमच्यापेक्षा कमी प्रयत्न केले असं नाही. काहींनी मूल दत्तक घेतलं, काही दोघंच सुखानं राहतात. आमच्या घरी मुलगी आली म्हणून आज आम्हाला इथे उभं राहून बोलणं सोपं झालं. ज्यांच्या घरी आली नाही त्यांनाही या मंडळात इतक्याच मोकळेपणानं बोलता यायला हवं.

म्हणून मंडळाकडे तीन मागण्या करून थांबतो.

पहिली, महिला शाखेकडे. हळदीकुंकू, मंगळागौर, डोहाळजेवण यांत मूल नसलेल्या सवाष्णीला मागे ठेवू नका. डोहाळजेवणात ओटी भरायला हिला एकदा हात मागे घ्यायला सांगितलं होतं. सांगणारीच्या मनात वाईट काही नव्हतं, रीत होती. पण त्यानंतर दोन वर्षं ही मंडळात आली नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी महाराष्ट्रापासून दूर ही मंडळं उभारली ती आपल्या माणसाला एकटं वाटू नये म्हणून. आपल्याच रीतीनं आपलंच माणूस दूर जात असेल तर ती रीत सैल करायला हरकत नाही.

दुसरी, तरुण मुलींसाठी वर्षातून एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांचं बोलणं ठेवा. आणि त्या दिवशी मुलांनाही बसवा.

तिसरी, आपल्या सगळ्यांकडे. नवीन लग्न झालेल्या जोडप्याला 'गोड बातमी केव्हा' हे विचारणं बंद करू या. विचारायचंच असेल तर 'कसे आहात' विचारा. सांगायचं असेल ते आपोआप सांगतील. ज्यांना घाई नाही त्यांना घाई करू नका. पण ज्यांना मूल हवं आहे आणि वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, किंवा बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असून सहा महिने झाले, किंवा पाळीच अनियमित आहे, त्यांनी मात्र थांबू नये. दोघांनी मिळून जावं.

व्याख्यानानंतर कुणाला काही विचारायचं असेल तर ही आणि आम्ही मागच्या खोलीत चहाला थांबलो आहोत. तिथे झालेलं बोलणं तिथेच राहील.

 गणपती बाप्पा मोरया!